रणगाड्यांचा खेळ आणि तोलाचा तंटा



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. मुले संगणकावर रणगाडे चालवतात, एकमेकांवर तोफा डागतात आणि मग 'अमुक गाडी फार बलवान करून ठेवली आहे, तमुक गाडीचे तर पाणीच काढून घेतले' असा तंटा घालीत बसतात. या तंट्यावर वसंत ऋतूतली एक संध्याकाळ खर्च करावी, असे त्यात काय आहे? माझे म्हणणे असे की, या पोरखेळात एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे. दोन पक्षांच्या हाती वेगवेगळी साधने असतील, तर त्यांच्यातला सामना न्याय्य आहे की नाही हे कोणी ठरवायचे, आणि कसे ठरवायचे? हा प्रश्न कोर्टकचेरीत आहे, बाजारात आहे, परीक्षेच्या मांडवात आहे. रणगाड्यांच्या खेळात तो उघडा पडतो, म्हणून तेथे तो समजून घेणे सोपे जाते.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. 'वर्ल्ड ऑफ टँक्स' हा खेळ २०१० साली रशियात सुरू झाला आणि पुढच्या वर्षी जगभर गेला. 'वॉर थंडर' हा खेळ २०१२ साली लोकांना खुला झाला. त्यात आधी विमाने होती, मग रणगाडे आले, नंतर युद्धनौका आल्या. हे खेळ एकट्याने खेळायचे नाहीत. देशोदेशीचे खेळाडू आपापल्या घरी बसून एकाच वेळी एका रणांगणावर उतरतात. 'वर्ल्ड ऑफ टँक्स'च्या नेहमीच्या सामन्यात एका बाजूला पंधरा भिडू आणि दुसऱ्या बाजूला पंधरा. प्रत्येकाच्या हाती एक रणगाडा. पण तो सर्वांचा सारखा नसतो. कोणाचे चिलखत जाड, कोणाची तोफ लांब पल्ल्याची, कोणाची गाडी हलकी आणि चपळ. प्रत्येक गाडीचे बळ आकड्यांनी ठरवलेले असते आणि ते आकडे खेळ चालवणारी कंपनी केव्हाही बदलू शकते. बळ वाढवले की खेळाडू त्याला 'बफ' म्हणतात, कमी केले की 'नर्फ'. हा दुसरा शब्द मोठा मासलेवाईक आहे. स्पंजाच्या मऊ गोळ्या मारणाऱ्या एका खेळण्यातल्या बंदुकीचे ते नाव. खरी बंदूक काढून घेऊन कंपनीने आमच्या हाती खुळखुळा दिला, अशी त्या शब्दात तक्रार आहे.

आपल्या घरची तोड

वाहनांचा तोल हा प्रश्न काही संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. बेडसे येथील चैत्यगृहाच्या ओसरीतले उंच खांब आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे आणि बैल कोरले असून त्यांवर स्त्री-पुरुषांची जोडपी बसलेली आहेत. पलीकडे भाजे येथे रथही कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही कामे. त्या काळी सैन्याची चार अंगे मानीत : हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. पुढे हीच चार अंगे एका पटावर येऊन बसली आणि चतुरंग नावाचा खेळ झाला. आपल्या बुद्धिबळाचा तो पूर्वज.

आता गंमत पाहा. इराण-अरबस्तानातून पश्चिमेकडे गेलेल्या शतरंजात हत्ती तिरपा उडी मारून नेमके दुसरे घर गाठीत असे. चौसष्ट घरांच्या पटावर असल्या हत्तीला जन्मभरात जेमतेम आठ घरे मिळत. वजीर तर तिरपे एकच घर सरके. डाव रखडत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या दोघांचे बळ एकदम वाढवण्यात आले : एकाला सबंध तिरपी वाट मोकळी झाली, तर दुसऱ्याला आठही दिशा. त्या तिरप्या मोहऱ्याला आपण आज उंट म्हणतो आणि हत्ती हे नाव आपल्याकडे कोपऱ्यातल्या मोहऱ्याला आहे. पण तो नावांचा घोळ बाजूला ठेवू. मुद्दा एवढाच की, आजची मुले ज्याला 'बफ' म्हणतात ते पाचशे वर्षांपूर्वीच होऊन गेले आहे.

बुद्धिबळात मात्र तोल राखणे सोपे आहे, कारण दोघांकडे तीच सोळा मोहरी असतात. तरीसुद्धा पहिली खेळी ज्याची त्याला थोडा लाभ होतोच. नोंदलेल्या डावांचा हिशेब पाहिला, तर शंभरातले ५४-५५ गुण पांढऱ्याकडे जातात. उपाय काय, तर एका डावात पांढरी, दुसऱ्या डावात काळी.

दोन्ही पक्ष सारखे नसतील, तर काय करायचे? त्याचीही उत्तरे आपल्याकडे आहेत. कुस्तीत वजनाचे गट पाडतात. अंगणातल्या खेळात धाकट्या भावंडाला 'कच्चं लिंबू' ठरवून सवलत देतात. आपल्या मावळातल्या आणि खेड-जुन्नरकडच्या जत्रांतली बैलगाडा शर्यत घ्या. येथे दोन गाडे एकमेकांना भिडत नाहीत; घाटातून एका वेळी एकच गाडा सुटतो आणि त्याने किती सेकंद घेतले हे घड्याळ सांगते. शेजारच्या गाड्याने वाट अडवली, असे म्हणायला जागाच राहात नाही. सातारा-सांगलीकडे गाडे एकदम सोडतात. तेथे कोणती वाट कोणाला हा प्रश्न लगेच उभा राहतो. खेळाची मांडणी बदलली की तंट्याचे रूपही बदलते, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडची बहुतेक मुले मोबाईलवर खेळतात. पब्जी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' सुरू झाला. या खेळात मोटारी असतात, पण त्या मैदानावर उभ्या असतात. जो आधी पोचेल त्याची मोटार. तेथे वाहनावरून रणगाड्यांच्या खेळाइतका वाद होत नाही, कारण प्रत्येकजण घरून स्वतःचे वाहन घेऊन येत नाही. रणगाड्यांच्या खेळात तो येतो आणि तंट्याचे मूळ तेथेच आहे.

युद्धात तोल नसतो

कोणी विचारील, खऱ्या रणगाड्यांचे खरे आकडे घ्यावेत आणि तेच खेळात घालावेत, म्हणजे भांडण मिटेल. प्रथमदर्शनी हे पटते. पण युद्ध हा काही न्याय्य सामना नव्हे. शत्रूला न्याय्य संधी मिळू नये, यासाठीच तर सेनापती धडपडत असतो.

याचा दाखला शोधायला दूर जायला नको. सन १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना पुण्यात सत्तेवर बसवण्यासाठी बोरघाट चढून आली. चार हजारांच्या आसपास शिपाई, जड तोफा आणि सामान ओढायला सुमारे एकोणीस हजार बैल, असा तो पसारा होता. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खंडाळ्यास पोचलेली ही फौज तळेगावास आली ती ९ जानेवारी १७७९ रोजी. आज मोटारीने तासाभरात कापावे एवढे ते अंतर! महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या सैन्याने वाटेवर तिला उसंत दिली नाही. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला. तोच आपल्या लोकांच्या तोंडचा 'इष्टुर फाकडा'. तळेगाव गाठले तर गाव जाळून रिकामे केलेले. ११ जानेवारीच्या रात्री फौज माघारी वळली आणि निघताना जड तोफा तिने तळ्यात ढकलून दिल्या. पुढे वडगावला ती वेढली गेली आणि तह करून सुटली.

आता हाच प्रसंग खेळात घाला. सपाट मैदान, एका बाजूला भरलेल्या जड तोफा, दुसऱ्या बाजूला तेवढेच घोडेस्वार, आणि समोरासमोर सामना. घाट नाही, बैल नाहीत, दाणावैरणीची चिंता नाही, जाळलेले गाव नाही. तोफवाला दर वेळी जिंकेल आणि घोडेस्वार झालेला मुलगा ओरडेल, 'तोफ फार बलवान केली आहे!' वस्तुतः तोफेचे आकडे अगदी खरे असतील. गाळले गेले ते तोफेचे ओझे. शस्त्राचे बळ खेळात येते आणि त्याचा खर्च बाहेर राहतो; तोलाच्या बहुतेक भांडणांचे मर्म हे आहे.

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर रणगाडा घ्या. त्याचे वजन सुमारे ५७ टन आणि त्याची ८८ मिलिमीटरची तोफ दरारा बसवणारी. पण असे टायगर बनले जेमतेम १,३५०. त्याच्यासमोरचे रशियन टी-३४ युद्धकाळात पन्नास हजारांवर बनले. रणांगणावर टायगरचा तोल साधला तो या संख्येने, इंधनाच्या टंचाईने आणि दुरुस्तीच्या खोळंब्याने. खेळात मात्र पंधरास पंधरा. संख्या सारखी केली की टायगर राक्षस होतो, आणि राक्षस होऊ नये म्हणून त्याचे बळ उतरवले की इतिहासाचे अभ्यासक म्हणतात, हा आमचा टायगरच नव्हे.

आपल्या देशाचा दाखलाही असाच बोलका आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले. ते त्या वेळी आधुनिक मानले जात. आपल्याकडे सेंच्युरियन होते, पण त्यांच्या जोडीला महायुद्धातले जुने शर्मन आणि हलके एएमएक्स-१३ देखील होते. आपल्या सैन्याने नालाच्या आकाराचा सापळा रचला आणि शेतांत पाणी सोडले. जड पॅटन चिखलात रुतले, उसाच्या शेतांत दबलेल्या तोफांच्या माऱ्यात सापडले, आणि त्या जागेला पुढे 'पॅटननगर' असेच नाव पडले. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मुलांना तेथे अवश्य न्यावे. पडद्यावर बोटाएवढी दिसणारी ही गाडी केवढी थोराड असते आणि ती चिखलात का रुतते, हे तेथे एका दृष्टिक्षेपात कळते.

पायऱ्या आणि आकडे

तेव्हा खेळ बनवणाऱ्यांनी कुस्तीचा मार्ग धरला, म्हणजे गट पाडले. 'वर्ल्ड ऑफ टँक्स'ने बरीच वर्षे दहा पायऱ्या ठेवल्या आणि आपल्या पायरीच्या दोन वर किंवा दोन खालच्या गाड्यांशी गाठ पडेल असा नियम केला. 'वॉर थंडर'ने प्रत्येक गाडीला एक अंक दिला आणि साधारण एका अंकाच्या फरकातल्या गाड्यांचीच गाठ घातली. हा अंक कशावरून ठरतो? मुख्यतः त्या गाडीने प्रत्यक्ष सामन्यांत काय केले यावरून. हे वाजवी वाटते. पण यात एक खोच आहे. ती जरा सावकाश पाहू.

समजा, कसलेले खेळाडू कोणतीही गाडी घेऊन शंभरातले ६० सामने जिंकतात आणि नवशिके ४० जिंकतात. एक अवघड गाडी आहे; तिच्या वाटेला फक्त कसलेले लोक जातात. ती शंभरात ५५ सामने जिंकते. दुसरी एक सोपी आणि देखणी गाडी आहे. ती नवशिक्यांची लाडकी. ती ४५ जिंकते. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, पहिली गाडी बलवान आहे, तिचे बळ उतरवा. दुसरी दुबळी आहे, तिला बळ द्या. पण नीट पाहा. पहिल्या गाडीने साठ जिंकणाऱ्यांना पंचावन्नावर आणले, म्हणजे ती दुबळी आहे. दुसरीने चाळीस जिंकणाऱ्यांना पंचेचाळिसावर चढवले, म्हणजे खरी बलवान तीच. आकडा खोटे बोलला नाही. आपण त्याला प्रश्न चुकीचा विचारला. शिकवणीला हुशारच मुले घेणाऱ्या मास्तरांचा निकाल आणि गावच्या शाळेचा निकाल शेजारी ठेवून मास्तरांची परीक्षा करणारे लोक हीच चूक करतात.

आणखी एक अडचण अशी की, पंधरा भिडूंच्या सामन्यात एका गाडीचा वाटा पंधरावा. ती चांगली लढली तरी बाजू हरू शकते. शिवाय डोंगराळ मैदानात जी गाडी टेकडीआडून नुसते तोंड काढून मारते, ती सपाट मैदानात उघडी पडते. म्हणून 'ही गाडी बलवान आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या मैदानात, कोणाविरुद्ध आणि कोणाच्या हातात, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हरण्याचे कारण कळले पाहिजे

केवळ जिंकण्या-हरण्याचा हिशेब जुळला म्हणजे खेळाडूचे समाधान होते असेही नाही. 'वर्ल्ड ऑफ टँक्स'मधल्या तोफखान्यावरून वर्षानुवर्षे वाद झाला. या गाड्या रणांगणाच्या मागे उभ्या राहून आकाशातून गोळे टाकतात. ज्याच्यावर गोळा पडतो त्याला मारणारा दिसत नाही आणि त्याच्यावर उलट मारा करता येत नाही. आकड्यांनी पाहता तोफखाना सर्वांत बलवान होता असे नव्हे. पण लोकांचा राग त्याच्यावर सर्वांत जास्त. अखेर २०१७ साली कंपनीने एका बाजूला अशा तीनच गाड्या असाव्यात अशी मर्यादा घातली आणि एका फटक्यात गाडी उडवण्याऐवजी ती काही काळ बधिर करणारे गोळे आणले. माणूस हार सोसतो, पण हरण्याचे कारण त्याला दिसावे लागते आणि 'मी वेगळे काय करू शकलो असतो' याचे उत्तर मिळावे लागते. कोर्टात हरलेला पक्षकारही निकालपत्रातली कारणे वाचायला मागतो, ते उगीच नव्हे.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. 'वॉर थंडर'च्या खेळाडूंत खऱ्या गाडीशी आकडे जुळावेत, असा हट्ट धरणारे पुष्कळ. जुलै २०२१ मध्ये एकाने ब्रिटनच्या चॅलेंजर-२ रणगाड्याचे खेळातले रूप चुकीचे आहे हे सिद्ध करण्यासाठी, लष्करी पुस्तिकेतला गोपनीय मजकूरच चर्चेच्या फलकावर लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या लक्लेर रणगाड्याची, २०२२ मध्ये चीनच्या एका तोफगोळ्याची आणि जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या लढाऊ विमानांची कागदपत्रे अशीच बाहेर पडली. कंपनीने ती काढून टाकली आणि असा पुरावा स्वीकारणार नाही असे बजावले. खेळातला वाद जिंकण्यासाठी माणसे देशाची गुपिते उघडी करायला निघाली, ही वेडाची परिसीमा खरी; पण त्या वेडामागचा तर्क ओळखावा. पुराव्याने आकडा बदलतो, असा त्यांचा विश्वास होता. सत्य आणि तोल या दोन वेगळ्या मागण्या आहेत, हे त्यांनी मानले नाही. चिलखत खरोखर किती जाड होते हा सत्याचा प्रश्न. त्या चिलखताची गाठ कोणाशी घालावी हा तोलाचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर दप्तरात सापडते. दुसऱ्याचे उत्तर माणसांनी बसून ठरवावे लागते.

पंच आणि दुकानदार

आता सर्वांत नाजूक भागाकडे येऊ. हे खेळ फुकट खेळता येतात. मग कंपनी जगते कशावर? काही गाड्या ती रोख पैशांनी विकते, आणि रखडत मिळणारी प्रगती पैसे दिल्यास भरभर मिळते. म्हणजे गाड्यांचे बळ ठरवणारा पंच आणि गाड्या विकणारा दुकानदार एकच. नवी गाडी जरा जास्त बलवान ठेवावी, ती खपली की मग तिचे बळ उतरवावे, असा मोह त्याला होत असेल की नाही? प्रत्येक वेळी तसे होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण ज्याच्या हाती तराजू आणि गल्ला दोन्ही आहेत, त्याच्याविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. नामांकित पेढीवरसुद्धा वजने तपासायला सरकारी निरीक्षक येतो. त्यात कोणी पेढीचा अपमान मानीत नाही.

मे २०२३ मध्ये ही शंका उफाळून आली. 'वॉर थंडर'मधली कमाई आणि गाडीच्या दुरुस्तीचा खर्च यांत कंपनीने जे बदल जाहीर केले, ते खेळाडूंना जाचक वाटले. जेथून हा खेळ घेतला जातो त्या 'स्टीम' या दुकानात त्यांनी हजारोंनी प्रतिकूल अभिप्राय लिहिले. कंपनीने ते बदल मागे घेतले आणि पुढे काय सुधारणार याचा आराखडा लोकांसमोर मांडला. खेळाडूंच्या हाती ना कायदा होता ना मतपेटी. होते ते फक्त एकमत. तेवढ्यानेही फरक पडला.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा मंजूर केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना त्याने मनाई केली आणि ई-स्पोर्ट्स या स्पर्धात्मक खेळांना मान्यता दिली. खेळातला रणगाडा विकत घेणे हा जुगार नव्हे. पण मुलगा ज्या गाडीसाठी आईच्या मोबाईलवरून पैसे भरतो, तिचे बळ उद्या एका सूचनेसरशी उतरू शकते. त्याने वस्तू घेतली नसून दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारी सवलत घेतली आहे, हे त्याला घरीच कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे. 'मोबाईल ठेव' एवढे म्हणून ते समजत नाही. मुलगा जेव्हा चिडून म्हणतो की, 'हा खेळ बरोबर नाही', तेव्हा त्याच्याजवळ बसून विचारावे : बरोबर नाही म्हणजे काय? गाडी वाईट, की मैदान अवघड, की समोरचा अधिक तरबेज? नियम बदलला असेल तर कोणी बदलला, कारण दिले का, आणि बदलातून कोणाचा गल्ला भरला?

या प्रश्नांची सवय लागलेला मुलगा मोठेपणी गुणवत्ता-यादी वाचताना, टेंडरच्या अटी वाचताना, धरणाच्या पाण्याची पाळी ठरताना तेच विचारील. तोल कधीही कायमचा साधत नाही. नवी गाडी आली की तो पुन्हा ढळतो आणि पुन्हा साधावा लागतो. म्हणून कोणाचा तोल अचूक, यापेक्षा तो साधणाऱ्यांनी हिशेब उघडा ठेवला आहे की नाही, हे पाहायला आपण आणि आपल्या मुलांनी शिकावे.